पानायोतेनाची सुट्टी

फेरीबोट बंदराला लागायला थोडा अवकाश होता, तेव्हा मी बोटीच्या संडासात शिरले आणि अंगातला निळा झगा काढून काळा चढवला. बोट हलत होती, दाराची कडी नीट लागत नव्हती, आणि एक पाय झग्यात नि एक बाहेर अशा अवस्थेत मी स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. अथेन्समध्ये मी काळं उतरवलं होतं. जूनमध्ये माझ्या नवऱ्याची, पानायोतिसची, वर्षाची प्रार्थना झाली, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलीने, आरेतीने, तो निळा झगा आणून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "आई, आता पुरे." मलाही पुरेच झालं होतं. काळ्याने दुःख कमी होत नाही की वाढत नाही. उकडतं मात्र फार.

पण गाव म्हणजे गाव. त्यातून ते नवऱ्याचं. चाळीसेक उन्हाळे मी तिथे काढले, तरी त्या लोकांच्या लेखी मी अथेन्सवालीच. नवऱ्याला नेऊन अथेन्सच्या मातीत पुरलं, आणि आता निळ्या झग्यात मिरवत आली सुट्टीला, असं कुणी म्हणायला नको. त्यांच्या जिभा मला ठाऊक आहेत. इतकी वर्षं दुसऱ्यांबद्दल त्या काय बोलतात ते ऐकतच होते ना मी.

धक्क्यावर कॉफीच्या दुकानाचा अनेस्तिस उभा होता. त्याने माझी बॅग उचलली आणि आत वर्दी दिली, "पानायोतेना आली!"

आमच्या गावांत बाहेरून सून होऊन आलेल्या बाईला नवऱ्याच्या नावाने हाक मारतात, गावातच जन्मलेली तेवढी आपल्या नावाने राहते. पानायोतिसची ती पानायोतेना, अनेस्तिसची ती अनेस्तेना. लग्न करून पहिल्यांदा आले तेव्हा मला हसू आलं होतं. मग सवय झाली. तो हयात होता तोवर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी हाक मारायची आणि आम्ही दोघांनीही मागे वळून बघायचं, अशी गंमत असायची. आता मी एकटीच वळले.

"देव तुला धीर देवो," अनेस्तिस हळू आवाजात म्हणाला. एरवी हा माणूस अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं बोलतो.

घर उघडलं. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या फळ्या फुगल्या होत्या, दोन उघडल्या, तिसरीने दाद दिली नाही. पंप कसा सुरू करायचा हे मला कधी बघावंच लागलं नव्हतं. पानायोतिस त्याच्यावर लाथ मारायचा एवढं आठवत होतं. मीही मारली. पाय दुखला, पाणी आलं नाही. मग त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलले, पुन्हा मारली, तेव्हा आलं. खुर्च्यांवरच्या चादरी काढल्या, अंगण झाडलं, अंजिराखाली पडून कुजलेली फळं गोळा केली. दाराशी पानायोतिसच्या प्लास्टिकच्या चपला तशाच होत्या. त्यातल्या एकीत पाल राहायला आली होती. मी तिला हाकललं नाही.

संध्याकाळी आरेतीचा फोन आला. ती रॉटरडॅमला असते.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"छान. समोर समुद्र आहे."

"तो नेहमीच असतो, आई. तुला कसं वाटतंय?"

"सुट्टीवर आल्यासारखं."

"मग आराम कर. आणि घराचं ठरव. घाई नाही, पण महिनाअखेर सांग. तू येणार असशील तर ठेवू, छप्पर नीट करून घेऊ. येणार नसशील तर मागे घर विचारायला आलेले ते लोक तयार आहेत घ्यायला. उगाच बंद घराला कोण राखणार?"

पोरीचं काही चुकत नव्हतं. पण काय ठरवायचं ते मला फोनवर सांगता येत नव्हतं. घर मला हवंच होतं. प्रश्न घराचा नव्हताच. पानायोतिस गेल्यावर या गावात माझं कुणी आहे का, हा प्रश्न होता. की मी फक्त त्याच्या दंडाला धरून इथे येत होते, आणि दंडच गेला? हे विचारायचं कुणाला? मी मनाशी ठरवलं, पंधरा ऑगस्टपर्यंत थांबायचं. त्या सणाच्या दिवशी आपोआप कळेल.

तोवर आराम करायचा होता. आराम म्हणजे काय, तर मी काळ्या झग्यात अंगणात बसायचे आणि घामाने निथळायचे. खाली पाण्यात रोज सकाळी गावातल्या बायका उतरतात. पोहत नाहीत कुणी. छातीपर्यंत पाण्यात गोल करून उभ्या राहतात, डोक्यावर उन्हाच्या टोप्या, आणि तास-दीड तास तोंडाचा पट्टा चालू. गावातली प्रत्येक बातमी आधी तिथे भिजते, मग बाकीच्यांना कळते. वरून मला टोप्या तेवढ्या दिसायच्या. हिरवी झालर असलेली टोपी शेजारच्या स्तामाताची. मोठी गवती, काठ उसवलेली, ती झाम्बेताची. मध्येच सगळ्या टोप्या मागे जायच्या, आणि जरा वेळाने हसणं वर यायचं.

मी गेले असते. पोहण्याचा पोशाखही बॅगेत तळाशी होता. पण काळं घातलेली बाई पाण्यात खिदळायला कशी उतरणार? एकदा भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, खाली गेले आणि घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी राहिले. पाणी गरम होतं. कुणी बघतंय का म्हणून दोनदा मागे पाहिलं आणि परत आले. साठी उलटलेली बाई आणि पाय भिजवायला चोरासारखी जाते. मला माझीच कीव आली.

लोक वाईट वागले असं नाही. उलट फारच चांगले वागले, तेच तर दुखणं होतं. पाववाल्याकडे मी शिरले की गप्पा थांबायच्या. मला रांगेत पुढे घालायचे. कुणी दंडावर हात ठेवायचं, "धीर धर" म्हणायचं, आणि आवाज खाली आणून दोन पावलं मागे सरकायचं. स्तामाता रोज सकाळी फाटकाच्या खांबावर काहीतरी ठेवून जायची, कधी टोमॅटो, कधी चार अंडी. आत यायची नाही. पूर्वी ही बाई दिवसातून तीनदा न विचारता घुसायची आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून सुनेच्या नावाने बोटं मोडायची. एकदा मी फाटकातच गाठलं तिला.

"ये की आत. कॉफी टाकते."

"नको गं, कशाला तुला त्रास."

"त्रास कसला? सून कशी आहे?"

"बरी आहे," स्तामाता म्हणाली आणि जमिनीकडे बघत निघून गेली.

सून बरी आहे! स्तामाताच्या तोंडी ते शब्द ऐकून मला धडकीच भरली. गावातला प्रत्येक माणूस माझ्या दुःखाला मान देत होता. माझ्याशी भांडायला मात्र कुणी तयार नव्हतं. दुपारी मी पालीशी बोलायला लागले. तिला पंपाचं सगळं सांगितलं.

आणि मग पंधरा तारीख आली. त्या दिवशी येशूच्या आईचा सण, वर्षातला मोठा. सगळं बेट घरी परततं, चौकात बाजा वाजतो. आणि ज्यांची नावं त्या माउलीवरून ठेवलेली असतात त्या सगळ्यांच्या नावाचा तो दिवस. आमच्यात वाढदिवस पोराटोरांचे. मोठ्यांचा साजरा होतो तो नावाचा दिवस. बोलावणं नसतं. ज्याचं नाव त्याने दार उघडं ठेवायचं, ज्याला आपण त्याचे वाटतो त्याने यायचं. एवढंच.

पानायोतिसचं नाव त्यातलंच, आणि त्याच्याकडे सगळं गाव यायचं. अंगणात खुर्च्या पुरायच्या नाहीत, माणसं कठड्यावर बसायची. तो मधोमध उभा राहून प्रत्येकाला मिठी मारायचा, प्रत्येकाची टर उडवायचा, गाणं म्हणायचा. गळा बेसूर, पण हौस दांडगी. मी ट्रे घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर. प्रत्येकजण ट्रेवरची ताटली उचलताना रीतीप्रमाणे मला म्हणायचा, "तुला त्याचं सुख लाभो." मी म्हणायचे, "तुमच्या तोंडात साखर पडो," आणि पुढच्याकडे वळायचे.

माझं नाव देस्पिना. तेही त्याच माउलीचं नाव. म्हणजे तो माझाही दिवस.

अथेन्समध्ये माझ्या बहिणी, मैत्रिणी फोन करायच्या. गावात मात्र ते एकाच माणसाला माहीत होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी पानायोतिस पायांचे गार तळवे माझ्या पोटऱ्यांना लावायचा आणि म्हणायचा, "देस्पिना, खूप वर्षं जग." संध्याकाळी गर्दीत विसरायचा. मुद्दाम नव्हे. त्याच्याभोवती इतकी माणसं असायची की त्याला स्वतःचंही भान नसायचं. मीही कधी सांगितलं नाही. सांगून मिळालेल्या शुभेच्छा मला नको होत्या. आणि खरं तर सकाळची ती एक पुरायची.

या वर्षी सकाळी पोटऱ्यांना काही गार लागलं नाही. आरेतीने फोन करून शुभेच्छा दिल्या, तिचं ऑफिस होतं, दोन मिनिटांत ठेवला. देवळात मी मागे उभी राहिले, मेणबत्ती लावली. लोकांनी माना लववल्या. कुणी काही म्हणालं नाही. मी मनाला समजावलं, देवळात कुठे म्हणतात? संध्याकाळी येतील. वर्ष उलटून गेलं आहे, घरावर आता बंधन नाही, आणि हिशोब ठेवण्यात हे गाव कुणाला हार जाणारं नाही.

दुपारभर मी तयारी केली. आंबट चेरीचा मुरंबा अथेन्सहून टॉवेलात गुंडाळून आणला होता. बदामाच्या वड्या तिथेच केल्या, वर पिठीसाखर भुरभुरवली. काचेच्या बशा धुतल्या, चमचे घासले. निळा झगा घालावा का, असं मनात येऊन गेलं. कपाटाशी गेलेही. पण नावाच्या दिवशी, तेही पानायोतिसच्या, नेमका रंगीत झगा? झाम्बेताच्या भुवया डोळ्यांपुढे आल्या आणि मी कपाट लावून टाकलं. काळा झगा इस्त्री केला, केस विंचरले, फाटक सताड उघडलं, दिवा लावला, खुर्च्या गोल मांडल्या आणि त्यातल्या एकीवर बसले.

माणसं रस्त्यावरून चौकाकडे जायला लागली. सगळी नटूनथटून. आमच्या फाटकाशी आली की त्यांचे आवाज बसायचे. एका बापाने टोपी काढली. एका आईने बडबडणाऱ्या पोरीच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला पलीकडच्या बाजूने नेलं. अनेस्तिस बाटल्यांची पेटी घेऊन जात होता. तो थांबला, पेटी खाली ठेवली, छातीवर हात ठेवून मान झुकवली. मी खुर्चीतून अर्धी उठले, हात पुढे केला, "ये ना" म्हणणार तोच त्याने पेटी उचलली आणि गेला. मी अर्धी उठलेली तशीच राहिले.

चौकात बाजा सुरू झाला. दोन-तीन गाण्यांनंतर अचानक बंद पडला. मग पुन्हा ऐकू आला तो फार लांबून, कळेल न कळेलसा. मला वाटलं, वारा फिरला. मला वाटलं, बघा, वारासुद्धा.

मी बसून राहिले. पाण्याच्या पेल्यांवर जमलेलं दव ट्रेवर ओघळलं. मुरंब्याला मुंग्या लागल्या. एक चमचा मी स्वतः खाल्ला, कारण कुणीतरी खायला हवा होता. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला. गावाचा नव्हे, त्याचा. सगळी माणसं तू एकट्याने वापरलीस, मी त्याला म्हटलं. चार माझ्यासाठी ठेवायची होतीस. तुला काय कमी पडलं असतं? इतकी वर्षं मी ट्रे फिरवला आणि त्या ट्रेच्या मागे कोण आहे हे कुणी बघितलं नाही. तूही नाही.

मग मी फाटक लावलं, खुर्च्या भिंतीला टेकवल्या आणि आत जाऊन बॅग भरली. उत्तर मिळालं होतं.

सकाळी पाणी बंद केलं, फळ्या लावल्या. पालीला म्हटलं, घर तुला. किल्ली अनेस्तिसकडे ठेवायची आणि दुपारच्या बोटीने निघायचं असा बेत होता. बंदराकडे जायला समुद्राच्या कडेची वाट एकच, आणि तिथे नेहमीप्रमाणे पाण्यात टोप्या गोल करून उभ्या. मी मान खाली घालून, बॅगेची चाकं दगडांवर खडखडवत चालले. टोप्या वळल्या.

"पानायोतेना!" स्तामाता ओरडली. "बॅग घेऊन कुठे निघालीस?"

"घरी."

"अगं, घर मागे राहिलं!"

"अथेन्सला चालले."

"सण झाला नाही तोच? एवढ्या उन्हाची?" ती पाणी कापत काठाकडे यायला लागली. "काय झालं? पोरगी आजारी आहे का? की तब्येत बिघडली? सगळं त्या बाज्यामुळे ना? मी ओरडत होते की अजून लांब बसवा मेल्यांना."

"कुठला बाजा?"

"अगं, कालचा! चौकातच बसून राहिले असते तर तुझ्या अंगणात सगळं ऐकू गेलं असतं. अनेस्तिसने मधेच थांबवलं आणि सगळ्यांना उचलून धक्क्याच्या टोकाला बसवलं. ते वादक किती कुरकुरले म्हणून सांगू! पोरांना सांगितलं होतं, त्या गल्लीत पाय ठेवाल तर याद राखा. माझ्या सुनेला मी दोरीवरचे रंगीत कपडेसुद्धा काढायला लावले."

"का?"

"का म्हणजे? त्याचा दिवस होता." स्तामाताचा आवाज एकदम तोच झाला, तो खालच्या पट्टीतला. "त्याच्या नावाच्या दिवशी तू काळ्यात एकटी बसलेली. आम्हाला काय डोळे नाहीत? सगळ्या गावाने मान राखला त्याचा."

मी तिथे उभी होते, आणि काय ऐकलं ते मला नीट कळायला वेळ लागला. म्हणजे ते विसरले नव्हते. येणं टाळलंही नव्हतं. इतकी वर्षं यायचे ते त्याच्यासाठी, आणि काल आले नाहीत तेही त्याच्यासाठीच.

"फाटक उघडं होतं," मी म्हटलं.

"दिसलं की."

"दिवा लावला होता. खुर्च्या मांडल्या होत्या. मुरंबा होता!"

"आम्हाला वाटलं, त्याची आठवण म्हणून मांडल्यास," झाम्बेता पाण्यातून म्हणाली. "मी तर रडले बाई. म्हटलं, बघा, त्याच्या खुर्च्या मांडून बसली आहे बिचारी."

"वर्ष होऊन गेलंय!"

"मग काळं कशाला घातलंस?" स्तामाता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काळं घालून बसतेस आणि आम्ही यावं म्हणतेस! आम्हाला काय स्वप्न पडणार?"

"तुमच्या तोंडांना घाबरून घातलं!"

"आमच्या तोंडांना काय झालं?"

"काय झालं? दिमित्रेनाने नवऱ्यामागे पांढरी चप्पल घातली तर दोन उन्हाळे तोच विषय पुरवलात तुम्ही! मी इथेच होते!"

टोप्यांमध्ये चुळबुळ झाली. "चप्पल फारच पांढरी होती," झाम्बेता पुटपुटली.

आणि मग मला आवरलंच नाही. मी बॅग सोडून दिली, ती आडवी पडली, आणि मी समुद्राच्या काठावर उभी राहून ओरडले, "काल माझाही दिवस होता! माझा! माझं नाव देस्पिना आहे!"

एक लाट आली आणि सगळ्या टोप्या थोड्या वर जाऊन खाली आल्या.

"देस्पिना?" स्तामाता म्हणाली.

"मला वाटायचं एलेनी," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"एलेनी कुठली, एलेनी अथेन्सच्या डॉक्टरची."

"गप्प बसा गं," स्तामाता म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, ओल्या चेहऱ्याने, टोपीची हिरवी झालर कपाळाला चिकटलेली. "आणि इतकी वर्षं तू... प्रत्येक पंधरा तारखेला... आम्ही तुला काय म्हणायचो?"

"त्याचं सुख लाभो."

"आणि तू आम्हाला वड्या वाढायचीस."

"हो."

"तोंड शिवलं होतं का तुझं?" स्तामाता एकदम तापली. "एकदा सांगायला काय झालं होतं? एवढी कसली मेली ऐट! आम्हाला इतकी वर्षं पापात लोटलंस आणि आता बॅग घेऊन पळतेस? उचल ती बॅग. चल मागे. सणाच्या दुसऱ्या दिवशीही नावाला जाता येतं. संध्याकाळी येतोय आम्ही. आणि तो काळा झगा घालून दारात उभी राहिलीस तर फाटकातून परत जाईन, सांगून ठेवते!"

तिने ओरडावं म्हणून मी इतके दिवस झुरत होते. मला इतकं बरं वाटलं की तिच्याकडे पाठ करून बॅग उचलली, म्हणजे डोळे दिसू नयेत. बोट त्या दिवशी माझ्यावाचून गेली. आरेतीला कळवलं, छपराला माणूस बघ.

संध्याकाळी त्या खरंच आल्या. सहा-सातजणी, कोरड्या आणि टोप्यांशिवाय, त्यामुळे दोघींना तर मी पटकन ओळखलंही नाही. एकेकीने माझे दोन्ही गाल चुंबले आणि म्हणाली, "खूप वर्षं जग, देस्पिना." पहिलीने म्हटलं तेव्हा मी सवयीने ट्रे पुढे केला. स्तामाताने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मला खुर्चीवर बसवलं. "आज तू बस," ती म्हणाली, आणि माझ्याच घरातले पेले कुठे आहेत हे मला न विचारता आत गेली.

सगळ्या बसल्या होत्या, बशा मांडीवर, आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. माझ्याशी काय बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. या अंगणात बोलायचं काम नेहमी त्याने केलं होतं. झाम्बेता म्हणाली, वड्या छान झाल्यात. दुसरी म्हणाली, साखर बेताची आहे, तेच बरं. मग झाम्बेताने पानायोतिसने एकदा पाद्रीबाबांच्या गाढवाला कसं होडीत घातलं होतं ते काढलं, आणि सगळ्या सुटल्या. मीही सुटले. गाढवाची गोष्ट मी त्यांच्यापेक्षा चांगली सांगते. वर्षभर माझ्याकडे ती ऐकायला कुणी नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसता मला तो इतका हवासा वाटला की छातीत खरोखरीच कळ आली.

तेवढ्यात झाम्बेताला काहीतरी आठवलं. तिने आणलेल्या टोपलीतून झाकलेली ताटली काढली आणि मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे धरली. निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, वर लिंबू.

"माझ्या नवऱ्याने आज मुद्दाम तुझ्यासाठी पकडला. तुझ्या आवडीचा."

"माझ्या?"

"तर! पानायोतिस नेहमी धक्क्यावर यायचा. म्हणायचा, एक माझ्यासाठी द्या, आणि एक बायकोसाठी, ती ऑक्टोपसवर जीव टाकते. आम्ही चांगला मोठा बघून द्यायचो."

मी ताटलीकडे बघितलं. ते चकत्यांमध्ये कापलेले पाय, त्यांवरच्या त्या वाट्या. लबाड कुठला. आयुष्यात मी त्याला हात लावला नव्हता. दोन्ही तोच खायचा, वाइनबरोबर, इथेच या कठड्यावर बसून.

"मला ऑक्टोपस आवडत नाही," मी म्हणाले. "कधीच आवडला नाही."

झाम्बेताचा हात ताटलीसकट हवेतच राहिला. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी हसू दाबलं. स्तामाता पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. तिने जग टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

"बरं," ती म्हणाली, "मग तुला काय आवडतं?"

त्याला काय आवडायचं ते मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कॉफीत साखर किती, माशाचा कुठला भाग, उशी कुठल्या अंगाला. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि खरोखर ऐकायला थांबल्या होत्या.

"थांबा जरा," मी म्हणाले. "आठवून सांगते."